मे-जूनमध्येच ठरलेलं

2025 च्या 7 सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, घरभर अजून कापराचा आणि सुकलेल्या दूर्वांचा वास, आणि दुपारपासूनच वेध लागलेले. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी अशा दिवशी काकूचा शब्द चालतो. तिने पाण्याच्या हंड्यात, दह्यात, लोणच्याच्या बरणीत तुळशीची पानं टाकली, विळी, सुऱ्या, कात्र्या गोळा करून फडताळात बंद केल्या आणि रात्री साडेनऊच्या सुमाराला आपल्या धाकट्या सुनेला मधल्या खोलीत सतरंजीवर बसवलं. सुनेला तेव्हा सहावा महिना होता. आडवं व्हायचं नाही, काही चिरायचं नाही, नखाने अंगसुद्धा खाजवायचं नाही. तासाभरात त्या पोरीची पाठ अवघडली. "आई, जरा उभी राहू का?" तिने विचारलं. समोर झोपाळ्यावर माझा भाचा उघडाच लोळत होता, उकाडा होता म्हणून. काकूने त्याच्याकडे बोट केलं. "ह्याच्या पाठीवरचा व्रण बघितलास ना? मग हलू नकोस." माझी भावजय, त्याची आई, दारातच उभी होती. तिने काही उत्तर दिलं नाही. आत येऊन मुलाला सदरा घातला, सगळी बटणं वरपर्यंत लावली आणि त्याला उचलून माडीवर निघून गेली.

काकू माझी लाडकी आहे, आणि तरीही त्या रात्री मला तिच्या शेजारी बसवेना.

तो व्रण मी रोज बघते. डाव्या फऱ्याखालून निघून काखेकडे वळणारी चार बोटं लांब रेघ. आधी गुलाबी होती, आता आजूबाजूच्या कातडीपेक्षा जरा उजळ आणि गुळगुळीत. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा त्या रेघेला पहिल्यांदा तेल लावलं ते काकूनेच, कारण भावजयीचा हात धजत नव्हता. मधल्या बोटाच्या टोकाने, जराही दाब न देता, काकू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची आणि तोंडाने काहीतरी पुटपुटायची. रामरक्षा असावी. त्याच्या पहिल्या वर्षातल्या कितीतरी रात्री तिने त्याला खांद्यावर उभा धरून काढल्यात. हेच वाक्य हळदीकुंकवाला आलेल्या एखाद्या बाईने म्हटलं असतं, तर मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. पण जिने त्याला रात्ररात्र वागवलं, तिला कोणत्या तोंडाने सुनवायचं?

2023 च्या जानेवारीत तो जन्मला आणि हॉस्पिटलातून घरी आला ते नेमके उत्तरायणाचे दिवस. बडोद्यात तेव्हा गच्च्यांवरच्या पिपाण्या आणि स्पीकर ह्यांखेरीज दुसरं काही ऐकू येत नाही, त्यामुळे त्याचा श्वास कुणाच्या लक्षात आला नाही. पतंग उतरले, गल्ली शांत झाली आणि रात्री घरात एक कुरकुर ऐकू यायला लागली. दिवाणखान्यात पितळी कड्यांचा जुना झोपाळा आहे. भावाला वाटलं, कड्या वाजतायत. त्याने उठून त्यांना तेल घातलं. आवाज चालूच. तो पाळण्यातून येत होता. श्वास आत घेताना ओढल्यासारखा, सोडताना ओलसर. रडला की वाढायचा, दूध पिताना सगळ्यात जास्त. सर्दी झाली की तर त्याच्या बरगड्यांखाली खळगे पडायचे आणि भावजय रात्रभर दिवा लावून त्या खळग्यांकडे बघत बसायची.

एका दवाखान्यात कफ म्हणाले, दुसरीकडे बाळदमा. वाफेचं मशीन आलं, छोटा मास्क आला, पंप आला. एक एक्स-रे निघाला, त्याचं पाकीट "थोडा कफ आहे" एवढंच सांगून परत मिळालं. घरात काकूची ओव्याची पुरचुंडी आणि शेगडीची धुरी चालूच होती. कशानेच फरक पडत नव्हता, आणि फरक न पडणं हीच खरं तर मोठी खूण होती: दम्याच्या औषधाने जो आवाज तसूभरही हलत नाही, तो बहुधा दम्याचा नसतोच. ओपीडीत दिवसभर खोकणारीच पोरं येत असतात. त्यांतलं एखादं वेगळ्या कारणाने खोकतंय हे कळायला थांबून बघावं लागतं, आणि थांबायला कुणाला वेळ नव्हता. ह्याचा राग मला अजून येतो. तो गेलेला नाही आणि जावा असंही वाटत नाही.

काकूने मात्र एक गोष्ट पहिल्या महिन्यातच टिपली होती. "हा मान मागे टाकल्याशिवाय पीत नाही गं," ती म्हणायची. दूध तोंडात आलं की तो डोकं मागे झुकवायचा, पार कमान होईपर्यंत, आणि मगच घोट घ्यायचा. उष्टावणानंतर ते आणखी उघड झालं. पातळ पेज जायची, मऊ भात कसाबसा. पोळीचा कुस्करा दिला की घशात अडकून डोळे पांढरे. प्रत्येक डॉक्टरसमोर काकूने ही मानेची गोष्ट सांगितली. कागदावर कुणीच लिहून घेतली नाही.

शेवटी दसऱ्याच्या सुमाराला एका तरुण बालरोगतज्ज्ञ बाईंनी स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून भावजयीला सांगितलं, "आधी त्याला माझ्यासमोर पाजा." त्या खुर्ची ओढून बसल्या आणि पूर्ण दूध संपेपर्यंत नुसत्या बघत राहिल्या. त्याने मान मागे टाकली तशी त्यांनी त्याच्या मानेखाली हात धरला आणि डोकं अलगद पुढे आणून पाहिलं; आवाज लगेच वाढला. हात काढला, मान पुन्हा मागे गेली, आवाज उतरला. मान ताणली की दबलेल्या श्वासनलिकेला थोडी वाट मिळते. नऊ महिन्यांच्या पोराने ते स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं. त्यांनी जुना एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि श्वासनलिकेची काळी पट्टी दाखवली. महाधमनीची कमान डावीकडे असते, त्यामुळे ती पट्टी एरवी डाव्या बाजूने किंचित दबलेली दिसते. इथे ती उजवीकडून दबली होती.

मग बेरियम झालं. पांढरं औषध चमच्याने पाजत एक्स-रे काढले. बाजूने पाहिलं तर अन्ननलिकेला पाठीमागून खोल खाच होती. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. आणि शेवटी सीटी अँजिओ, त्याला झोपेचं औषध देऊन, शिरेतून डाय सोडून, यंत्रात काही सेकंद. मॉनिटरवर डॉक्टरांनी ते चित्र फिरवून दाखवलं. हृदयातून निघालेली महाधमनी वर चढते, डावीकडे वळसा घेते आणि मणक्याच्या कडेने खाली उतरते. ह्या वळशाला कमान म्हणतात. ह्याच्यात ती वर चढल्यावर दुभंगली होती. एक फाटा श्वासनलिकेच्या पुढून डावीकडे, दुसरा उजवीकडून अन्ननलिकेच्या मागे, आणि मागे जाऊन दोन्ही पुन्हा एक झालेले. मध्ये श्वासनलिका आणि अन्ननलिका दोन्ही सापडलेल्या. डबल एऑर्टिक आर्च, म्हणजे महाधमनीची दुहेरी कमान. उजवी कमान जाड, डावी बारीक. बहुतेक मुलांत असंच असतं, असं त्या म्हणाल्या. हृदय अगदी चांगलं होतं. कप्पे, पडदे, झडपा, सगळं जागेवर.

ते चित्र मी पूर्वी पाहिलेलं होतं.

नव्वदच्या दशकात इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मी प्राणिशास्त्र शिकत होते. प्रॅक्टिकलला बेडूक असायचा. मेणाच्या ट्रेमध्ये चारी पाय टाचण्यांनी ताणून लावलेला, फॉर्मलिनने डोळे चुरचुरत असताना आम्ही त्याच्या छातीतल्या रक्तवाहिन्या सुईने मोकळ्या करायचो आणि वहीत काढायचो. हृदयातून निघालेलं एक खोड, त्याचे उजवे-डावे दोन फाटे, प्रत्येक फाट्याच्या तीन कमानी. मधल्या दोन कमानी दोन्ही बाजूंनी वळून पाठीशी एक होतात. मी ती आकृती इतक्यांदा काढली आहे की आजही डोळे मिटून काढता येईल. पुढे शाळेत शिकवताना फळ्यावर काढली. विश्वामित्री नदीतल्या मगरींनाही दोन कमानी असतात. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात ज्या मगरी आपल्या सोसायट्यांत शिरल्या होत्या, त्या सगळ्या दोन दोन कमानी बाळगून होत्या आणि त्यांचं काही अडत नव्हतं. पक्ष्यांमध्ये उजवी कमान टिकते आणि डावी जाते. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत डावी टिकते.

आणि आपणही सुरुवात दोन्हींपासूनच करतो. गर्भ चार आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या मानेच्या जागी रक्तवाहिन्यांच्या जोड्या एकामागून एक उगवू लागतात. पुस्तकांत सहा मोजतात. पाचवी माणसात नावापुरतीच. सगळ्या एका वेळी नसतात, पुढच्या उगवतात तोवर मागच्या विरायला लागलेल्या असतात. तिसऱ्या जोडीपासून डोक्याकडे जाणाऱ्या धमन्या होतात. चौथीतली डावी महाधमनीची कमान होते, उजवी उजव्या हाताच्या धमनीचं मूळ म्हणून राहते. सहावीपासून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या वाहिन्या होतात आणि डाव्या बाजूला फुफ्फुसाची वाहिनी महाधमनीला जोडणारी एक जोडवाहिनी राहते, तिच्याबद्दल पुढे सांगायचं आहे. उजवीकडचा मागचा तुकडा विरून जायचा असतो. माझ्या भाच्यात तो विरला नाही, एवढंच. काही बाळांत उलटं होतं: जो तुकडा राहायचा तोच विरतो आणि कमान मध्येच तुटते. काहींत ती एका जागी आवळलेली राहते. आठव्या आठवड्यापर्यंत हे सगळं आटोपलेलं असतं. तेव्हा गर्भ जेमतेम एक इंचाचा असतो.

का होतं? काही मुलांत गुणसूत्रांत कारण सापडतं. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असतो. ती तपासणी ह्याचीही झाली आणि ती चांगली आली. आईला गर्भधारणेपूर्वीपासून मधुमेह असेल, काही विशिष्ट औषधं चालू असतील, तर जन्मजात हृदयदोषांचा धोका वाढतो. भावजयीला ह्यांतलं काहीच नव्हतं. बहुतेक घरांना कारण मिळत नाही. आणि कारण नसलेली जागा रिकामी राहू द्यायची आपल्याला सवय नाही, तिथे आपण आईला बसवतो.

ग्रहणाच्या रात्रीनंतर मी फडताळामागून 2022 चं कालनिर्णय काढलं. काकू जुनी कालनिर्णयं टाकत नाही, दुधाचे हिशेब आणि भविष्यं त्यांत असतात. ऑक्टोबरच्या पानावर 25 तारीख, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचं खंडग्रास सूर्यग्रहण. तो दिवस मला नीट आठवतो. भाऊबीज दुसऱ्या दिवशी होती, भावजयीने माझ्यासाठी घेतलेल्या साडीला फॉल लावायचा राहिला होता, आणि सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती संध्याकाळच्या उजेडात खिडकीशी बसून तो लावत होती. दोरा कात्रीने कापत होती. काकूने ते पाहिलं होतं. तेव्हा बोलली नाही, सणासुदीला कशाला म्हणून. मनात मात्र ठेवलं. मी पानं मागे उलटली. सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै. कमानींचा निकाल लागला तो मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. मेच्या पानावर काकूच्या अक्षरात "हापूस पेटी, 1" आणि दुधाचे खाडे. भावजयीची चाचणी नुकतीच झाली होती आणि घरात ती गोष्ट दोघातिघांनाच माहीत होती. रोज दुपारी आमरस व्हायचा. त्या पंगतीत ती आमच्यात बसून वाटी चाटत होती, आणि तिच्या पोटात एक तुकडा विरायचा राहत होता. ऑक्टोबरात तिने कात्री उचलली तेव्हा ह्याला चार महिने होऊन गेले होते.

ऑपरेशन दिवाळीनंतर अहमदाबादला झालं. सरकारी बालआरोग्य योजनेतून खर्च झाला. 2013 पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अशा आजारांची तपासणी आणि उपचार त्यात बसतात, आणि भावाने कागदपत्रांसाठी जे खेटे घातले त्यांचं चीज झालं. सर्जननी आम्हाला कागदावर काढून समजावलं. डावीकडून, दोन बरगड्यांच्या मधून आत जायचं. फुफ्फुस हाताने बाजूला धरायचं. हार्ट-लंग मशीन लागत नाही, हृदय आपलं चालूच राहतं. बारीक कमानीला आधी नुसता चिमटा लावायचा आणि थांबायचं: भूल देणारे डॉक्टर दोन्ही हातांच्या, पायांच्या, मानेच्या नाड्या तपासणार. सगळ्या लागल्या की मगच दोन चिमट्यांच्या मध्ये कापायचं आणि दोन्ही तोंडं शिवून टाकायची. तिथेच आईच्या पोटातल्या त्या जोडवाहिनीचा सुकलेला दोर असतो, तोही कापायचा, नाहीतर आवळ तसाच राहू शकतो. अन्ननलिकेवरचे धागे मोकळे करायचे. "आणि इथे," त्यांनी पेन टेकवलं, "आवाजाची नस आहे. ती ह्या दोराला वळसा घालून घशाकडे वर जाते. तिला सांभाळायचं." भावजयीने त्यानंतर ऑपरेशनबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. फक्त गाडीत मला म्हणाली, "त्याचा आवाज गेला तर तो मला हाक कशी मारणार?"

ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा करणारे बोस्टनचे रॉबर्ट ग्रॉस ह्यांच्याबद्दल मी त्या दिवसांत बरंच वाचलं. वाट बघण्याखेरीज दुसरं काही करता येत नव्हतं. 1938 मध्ये त्यांनी एका सात वर्षांच्या मुलीची उघडी राहिलेली जोडवाहिनी बांधली. ते तेव्हा तिथले तरुण मुख्य निवासी डॉक्टर होते आणि त्यांचे वरिष्ठ विल्यम लॅड गावाला गेलेले होते. 1945 मध्ये त्यांनी एका बाळाच्या श्वासनलिकेभोवतीची अशीच दुहेरी कमान कापून मोकळी केली. त्याच्या थोडं आधी, 1944 च्या ऑक्टोबरात, स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्रॅफोर्ड ह्यांनी आवळलेली कमान कापून टोकं जोडली होती, आधी एका बारा वर्षांच्या मुलावर आणि मग एका सत्तावीस वर्षांच्या शेतकऱ्यावर. बाहेर महायुद्ध चालू होतं. त्याआधी अशा मुलांचं दुखणं डॉक्टरांना बऱ्याचदा शवविच्छेदनानंतर कळायचं. मला हे वाचताना कौतुकापेक्षा धास्ती जास्त वाटली. इतकं अलीकडचं आहे हे सगळं. आमची आजी तेव्हा बडोद्यात संसार करत होती.

दुपारी त्याला आयसीयूत आणलं. दुसऱ्या दिवशी नळी काढली तेव्हा आम्ही दाराबाहेर होतो. आतून रडणं ऐकू आलं. घोगरं, चिरकं, पण रडणं. भावजय भिंतीला टेकून खाली बसली. काकूने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी बराच वेळ तशाच बसल्या. ही तीच काकू, हे मला सतत स्वतःला सांगावं लागतं.

घरी आल्यावर आवाज गेला नाही. कमी झाला, गेला नाही. सर्जननी आधीच सांगितलं होतं: इतके महिने दाबाखाली राहिलेल्या श्वासनलिकेच्या कूर्चा मऊ पडतात, त्या भरून यायला वर्षही लागू शकतं, कधी जास्त. तरी शेजारचे विचारायचे, "ऑपरेशन करूनही तसंच?" मान मागे टाकणं मात्र पहिल्या काही दिवसांतच थांबलं. आता सर्दी झाली तरच थोडं वाजतं. गाठिया तो कडकड चावून खातो आणि शेव-उसळीतली शेव वेचून खातो.

आता काकूचं.

आमच्या घरात सगळ्यांना माहीत असलेली आणि कुणीही न बोललेली एक गोष्ट आहे. काकूचं पहिलं बाळ, मुलगी, बारशाच्या आधीच गेली. 1980 चा एप्रिल. त्याच वर्षी 16 फेब्रुवारीला ते सूर्यग्रहण झालं होतं, ज्या दुपारी देशभर रस्ते ओस पडले होते. काकूला आठवा महिना होता. दारं-खिडक्या बंद करून सगळे आत बसलेले, आणि गच्चीवर वाळत घातलेले गहू आत घ्यायचे राहिले होते. कबुतरं उतरल्याचा आवाज आला तशी ती पदर डोक्यावर घेऊन धावत गेली, कबुतरं हुसकली, गहू ओढून आणले. बाळ गेल्यावर आजी म्हणाली, "ग्रहण अंगावर घेतलंस." नंतर कितीतरी वर्षं म्हणत राहिली. माझी आई सांगते, काकूने एकदाही उलट उत्तर दिलं नाही.

पितृपंधरवड्यातल्या एका दुपारी मी कालनिर्णय घेऊन तिच्यापुढे बसले. ऑक्टोबरचं पान दाखवलं, मग मेचं. बेडकाची आकृती काढली, हा तुकडा राहतो, हा जातो. तिने सगळं ऐकून घेतलं. मेच्या पानावरच्या आपल्या अक्षरावर बोट ठेवून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "आणि ऐंशी सालचं?" मी बोटांवर मोजलं. एप्रिलमध्ये बाळ म्हणजे हृदय आणि कमानी घडण्याचे दिवस श्रावण-भाद्रपदात, आदल्या वर्षीच्या गणपतीच्या सुमाराला. फेब्रुवारीपर्यंत सगळं कधीच घडून गेलं होतं. काकू म्हणाली, "छान पीत होती. सहाव्या दिवशी एकदम प्यायची थांबली. श्वास भराभर चालायला लागला. पाय गार पडले तिचे. मी पायांना हात चोळत बसले होते. हात गरम होते गं, पाय गार."

मला काय बोलावं सुचेना, कारण मला सुचत होतं. कमान आवळलेली किंवा तुटलेली असली तरी पोटात असताना बाळाला काही होत नाही. जोडवाहिनी उघडी असते, तिच्यातून शरीराच्या खालच्या भागाला रक्त जातं. जन्मानंतर पहिल्या दिवसांत ती आपोआप मिटते, जवळपास सगळ्याच बाळांची मिटते. कमान तुटलेली असेल तर त्यासरशी खालचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून बाळ चार-सहा दिवस हसतं-खेळतं वाटतं आणि मग काही तासांत कोसळतं. सत्तरच्या दशकात हे लक्षात आलं की प्रोस्टाग्लँडिनचं औषध शिरेतून थेंबथेंब दिलं तर ती वाहिनी उघडी ठेवता येते आणि ऑपरेशनपर्यंत बाळ टिकतं. इको नव्हता, ते औषध इथवर आलेलं नव्हतं. 1980 च्या बडोद्यात त्या रात्री कुणाच्या हातात काही नव्हतं. मी काकूला "तिला हेच झालं असेल" असं म्हटलं नाही. जंतुसंसर्गानेही तान्हं बाळ नेमकं असंच जातं, आणि पंचेचाळीस वर्षांनी त्याचा निवाडा कोण करणार? एवढंच सांगितलं की अशी बाळं असतात, त्यांच्या पायात नाडी लागत नाही, आणि त्याचा गव्हाशी काही संबंध नसतो. हे सांगायला नको होतं की काय, ह्याचा विचार मी अजून करते. तिने इतक्या वर्षांत दुःखाची एक घडी घालून ठेवली होती, ती मी विस्कटली. पण त्याच घडीतून काढून तिने ते भावजयीच्या अंगावर घातलं होतं, आणि आता सुनेच्या घालू पाहत होती.

तिने फक्त विचारलं, "पायाची नाडी कुठे बघतात?" मी माझ्या जांघेत बोट ठेवून दाखवलं. तिने पातळावरूनच स्वतःच्या जांघेत चाचपून पाहिलं, सापडेपर्यंत.

ग्रहणाबद्दलचं तिचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही. "पाळलं तर बिघडतं काय?" हे ती अजून म्हणते. भावजयीशी ती त्यावर काही बोलली का, मला माहीत नाही; मी दोघींनाही विचारलेलं नाही. भावजय हल्ली पोराला उघडा सोडते.

डिसेंबरात काकूला नात झाली. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी कमान मुद्दाम बघून घेतली होती आणि ती ठीक होती. तरी आवळलेली कमान पोटात असताना नीट दिसतेच असं नाही, वाहिनी उघडी असते ना, हेही त्यांनी सांगितलं होतं. घरी सोडायच्या दिवशी तरुण निवासी डॉक्टर फाइल घेऊन आला. उजव्या हाताला आणि पायाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला, दोन्हीकडे आकडा चांगला आला. "बा, बधुं नॉर्मल छे," तो म्हणाला आणि फाइल मिटायला लागला. काकू म्हणाली, मांडीची नाडी बघितलीस का? तो म्हणाला, बघितली, सकाळीच. काकू म्हणाली, माझ्यासमोर बघ. तो हसला, दुपट्याची गाठ सोडली, दोन्ही जांघांत एकेक बोट टेकवून जरा थांबला आणि मान हलवली. हात गरम, पाय गरम, हे काकूने स्वतः धरून बघितलं. मग दुपटं बांधत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तो लखी आपो." त्याने पुन्हा पेन काढलं आणि फाइलच्या शेवटच्या पानावर दोन्ही नाड्या नीट लागत असल्याचं लिहून सही केली. काकूने ते मला वाचायला लावलं, वेळ घालायला सांगितली आणि मगच सामान उचललं.